माहेर आधी सुटलं

माझ्या आजीचं माहेर तिच्या सासरापेक्षा ३९९ दिवस आधी स्वतंत्र झालं, आणि ही गोष्ट तिनं आजोबांना मरेपर्यंत विसरू दिली नाही. भाकरी करपल्यावरून आजोबा काही बोलले, की चुलीपुढून उत्तर यायचं, "माझ्या माहेरात आपलं राज आलं तव्हा तुमच्याकडं नवाब बसला व्हता. मला नका शिकवू." आजोबांकडं याला उत्तर नव्हतं. इतिहासच तिच्या बाजूनं होता. ते मुकाट्यानं करपलेला पापुद्रा काढून ठेवायचे आणि उरलेली भाकरी खायचे.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, सीना नदीच्या अलीकडं. आजीचं माहेर पलीकडं, नगर जिल्ह्यात. सीना ही काही गंगा-गोदावरी नव्हे. पावसाळा सोडला तर तिच्यातून पलीकडं जाताना धोतराचा सोगासुद्धा फार वर धरावा लागत नाही. पण १९४७ साली ही एवढीशी नदी दोन राज्यांच्या मधून वाहत होती. पलीकडं इंग्रजांचा मुलूख, अलीकडं निजामाचा. पलीकडचे लोक आमच्या बाजूला 'मोगलाई' म्हणायचे. कुठं अंदाधुंदी दिसली की मराठी माणूस चिडून विचारतो, "ही काय मोगलाई लागून गेली का?" बाकीच्या महाराष्ट्रात तो वाक्प्रचार होता. आमचा तो पत्ता होता.

आमचे राजे म्हणजे मीर उस्मान अली खान, सातवे निजाम. १९३७ साली अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकानं त्यांना मुखपृष्ठावर छापलं ते जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. लिंबाएवढा एक हिरा ते टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून वापरायचे, असं सांगतात. राज्याची स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल, स्वतःचा हाली शिक्का. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाची प्रजा असण्याचा मान आमच्या पणजोबांना लाभला होता. फक्त त्यांना तो माहीत नव्हता, कारण गावात शाळा नव्हती. उडून जातील असे कागदही घरात नव्हते. होता तो एक कर्जाचा, आणि तो सावकाराकडं नीट दाबून ठेवलेला होता.

नदी ओलांडून माल न्यायचा-आणायचा, तर वाटेत करोडगिरीचा नाका लागायचा. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात. खात्याच्या नावात करोड असले तरी नाक्यावरच्या शिपायाचं आण्या-दोन आण्यांतही भागायचं.

तर १९४७ साली श्रावण अधिक आला होता. १८ जुलैला सुरू झालेला धोंड्याचा महिना १६ ऑगस्टला संपायचा होता. लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. जावयाला बोलावणं होतं. आजोबांनी खुरपणी, पाऊस, बैलाचा पाय अशी कारणं सांगत महिना रेटला. शेवटी सासऱ्यांचा निरोप आला, "आता नाही आलात तर पुढच्या धोंड्याला या. तीन वर्षांनी." तेव्हा कुठं आजी-आजोबा १४ ऑगस्टला सीना ओलांडून पलीकडं गेले. तारखेचा त्यांनी काहीच विचार केला नव्हता. तिथीचा केला होता.

स्वातंत्र्य मध्यरात्री आलं तेव्हा आजोबा पुरणाचे धोंडे जिरवत झोपले होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या रात्री दिल्ली जागी होती, बाकी शेतकरी देश झोपलेलाच होता. सकाळी चावडीपुढं झेंडा लागला. सगळं गाव जमलं, आणि जावई पाहुणे म्हणून आजोबांना पुढं उभं केलं. अशा रीतीनं माझे आजोबा स्वतंत्र भारताच्या पहिल्या दिवशी स्वतंत्र भारतात होते, आणि तेही सासऱ्याच्या खर्चानं. आमच्या घराण्याचा राष्ट्रकार्यातला सहभाग इथून सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी दोघं परत निघाले. दुरडीत तेहतीस अनारसे होते, धोंड्याचं वाण तेहतीसचंच. नाक्यावर शिपायानं दुरडी उघडली आणि पाच अनारसे काढून घेतले. मी लहान असताना आजी पाच सांगायची. मी कॉलेजात गेलो तोवर ते अकरा झाले होते. महागाई सगळीकडंच वाढत होती. पण आकडा कुठलाही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "नदीच्या पल्याड हात लावायची कुणाची टाप नव्हती. अल्याड आलो आन् दुरडी उघडली."

गावात आल्यावर ओट्यावर बायका जमल्या. सतरा वर्षांच्या माझ्या आजीला त्यांनी विचारलं, "तू बघून आलीस म्हणं. कसं असतंय गं स्वातंत्र्य?" आजीनं विचार करून सांगितलं, "पाटील उभा व्हता." बायकांना कळेना. "तलाठी उभा व्हता, सावकार उभा व्हता. आन् पोरं त्यांच्या पुढं. कुणीच कुणाला ऊठ म्हणत नव्हतं, समदे आपल्या मनानंच उभे व्हते." राज्यशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ पुढं माझ्या वाचनात आले, पण इतकी थोडक्यात व्याख्या त्यांत सापडली नाही. अर्थात आजीनं तिला एक पुरवणीही जोडली होती, "आन् बुंदी वाटतात."

खरं तर ओट्यावरचा तो घोळकासुद्धा कायद्याच्या कडेवरच बसलेला होता. निजामाच्या राज्यात 'गश्ती निशान त्रेपन्न' नावाचं एक फर्मानवजा परिपत्रक होतं. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढायची. चार माणसांनी जमून आपल्याच दुखण्याबद्दल बोलायचं, तर आधी दुखणं देणाऱ्याला विचारायचं. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं ते याच वातावरणात. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटलं, तर त्यांना काढून टाकलं. ती पोरं पुढं शिकायला नागपूरला गेली. एक गाणं म्हणायला आमच्या माणसांना राज्य बदलावं लागलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत, कागदोपत्री तेव्हाच्या मोमिनाबादेत, एक शिक्षक होते. मूळचे व्यंकटेश खेडगीकर. त्यांनी संन्यास घेतला, स्वामी रामानंद तीर्थ झाले, आणि संन्यास घेऊन हिमालयात न जाता हैदराबाद स्टेट काँग्रेसमध्ये गेले. तिथून तुरुंगात. आजोबांना या गोष्टीचं फार नवल वाटायचं. "घर नाही, शेत नाही, सासुरवाडी नाही. त्या माणसाला निजामानं काय त्रास दिला असंल?" मग स्वतःच सुपारी कातरत म्हणायचे, "आपल्याला दिला तो त्याला लागला." आज अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला स्वामीजींचं नाव आहे. आमच्या जिल्ह्यातल्या पुष्कळ लोकांना ते भाषणातून ठाऊक नाहीत, केसपेपरवरून ठाऊक आहेत. दुसऱ्याचं दुखणं लागलेल्या माणसाचं नाव दवाखान्याला, हे एक बरं जमलंय.

मग निजामाच्या बाजूचे हत्यारबंद रझाकार आले. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे तोही आमच्याच मराठवाड्यातला. संकटाच्या बाबतीत आम्ही कधी परावलंबी नव्हतो. १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत सरहद्दीवरची कितीतरी कुटुंबं रातोरात पलीकडं निघून गेली. आमचंही गेलं. कुठं? तर आजीच्या माहेरी. आजोबा, पणजोबा, दोन दीर, एक नणंद, दोन बैल आणि सासूबाई.

आता चित्र डोळ्यांपुढं आणा. सून माहेरी आहे आणि सासू तिथं आश्रयाला आली आहे. ज्या सासूबाई मीठ जास्त झालं तर ताट सरकवायच्या, त्या समोर येईल ते 'छान झालंय' म्हणून जेवू लागल्या. आजी उशिरा उठू लागली. दुपारी मैत्रिणींकडं जाऊ लागली. डोक्यावरचा पदर एखादे वेळी खांद्यावर घसरला तर कुणी खाकरत नव्हतं. या चार महिन्यांबद्दल आजोबा बोलायचे तेव्हा त्यात भीती असायची, गेलेलं पीक असायचं, जळालेल्या गंजी असायच्या. आजी बोलायची तेव्हा डोळे मिटून किंचित हसायची. स्वातंत्र्याचा इतिहास कोण सांगतंय, त्यावर तो बराच अवलंबून असतो.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय लष्कर हैदराबाद संस्थानात शिरलं. रणगाडे होते, विमानं होती, पलटणी होत्या, आणि या सगळ्याला नाव दिलं 'पोलीस अ‍ॅक्शन', कारण हा घरातला मामला होता. लष्करी कागदांत नाव होतं 'ऑपरेशन पोलो'. आमच्या जिल्ह्यात पोलो कुणी पाहिलेला नाही, पण 'पोलीस अ‍ॅक्शन' हा शब्द निरक्षर म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसला. "आमचा थोरला पोलीस अ‍ॅक्शनच्या साली झाला," असा जन्मतारखेचा हिशेब मी कितीदा ऐकलाय. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. तो दिवस अनंत चतुर्दशीचा. पलीकडं गणपती बुडवायला नेत असताना बातमी आली, की अलीकडचा नवाबही बुडाला. फरक एवढाच, की त्याला कुणी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हटलं नाही.

तरी तो आलाच. २६ जानेवारी १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला तेव्हा हैदराबाद राज्याचे राजप्रमुख म्हणून सरकारनं नेमले ते हेच सातवे निजाम. १९५६ साली राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात येईपर्यंत ते त्या पदावर होते. ज्याच्यापासून सुटलो त्यालाच वर बसवून त्याच्याकडून राज्यघटना पाळून घेतली. हे औदार्य होतं की मुत्सद्देगिरी यावर विद्वान वाद घालतात. आजीच्या मते हे सासूला माहेरी नेऊन ठेवण्यासारखंच होतं.

आनंदाच्या या गोष्टीत एक काळा धागा आहे, आणि तो उसवून टाकला तर कापडच खोटं ठरेल. रझाकारांनी गावं जाळली होती हे खरं. पण ते गेल्यावर, ज्यांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता अशा गोरगरीब मुसलमानांवर सूड उगवला गेला, हेही खरं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याच वर्षाच्या अखेरीला फिरून ते पाहिलं, आणि बीड त्यातून सुटलेलं नव्हतं. भारतात विलीन व्हा, असं आपल्या 'इमरोज' पत्रात लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत भर रस्त्यात ज्यांना मारलं, ते संपादक शोएबुल्ला खान होते. आमच्या स्वातंत्र्याचं रक्त एका जातीधर्माचं नाही. आजी यावर भाषण करायची नाही. ती एवढंच सांगायची, की गावचा आतार त्या वेळी गेला तो परत आला नाही, आणि त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं कुंकू नगरच्या बाजारातून आणावं लागलं.

मी शाळेत गेलो तेव्हा हे सगळं पुस्तकात जाऊन बसलं होतं, आणि आमच्यापर्यंत त्याचा एकच ठोस परिणाम पोचला होता. उरलेल्या महाराष्ट्राला वर्षात एकदा स्वातंत्र्य मिळायचं, आम्हाला दोनदा. १५ ऑगस्टला झेंडा, १७ सप्टेंबरला पुन्हा झेंडा. गणवेशाला इस्त्री म्हणून तांब्यात निखारे घालून दोनदा फिरवायचे. प्रभातफेरी दोनदा. आणि घरी येताना कागदात बांधलेली गरम जिलेबीही दोनदा. सप्टेंबरात पुण्याहून माझा आतेभाऊ गणपतीला आलेला असायचा. त्यानं एकदा विचारलं, "तुम्ही दोनदा स्वतंत्र झालात, म्हणजे मधे परत पारतंत्र्यात गेला होतात का?" मला उत्तर सुचेना. तो पुढं म्हणाला, "तुमचं स्वातंत्र्य शिळं आहे." तेव्हा स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, "बाळा, शिळी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली की ताजीपेक्षा ग्वाड लागते. आन् तू जिलेबी नको खाऊ मग." आतेभावानं त्या दिवसापासून मराठवाडा मुक्तिसंग्राम मनापासून मान्य केला.

पुढं मोठा झाल्यावर मी हिशेब करून पाहिला. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ म्हणजे ३९९ दिवस. दोन्ही शुक्रवार, मधे बरोब्बर ५७ आठवडे. ३९९ हा आकडा चपलेच्या दुकानातल्या किमतीसारखा दिसतो, चारशे म्हटलं तर गिऱ्हाईक बिचकेल म्हणून एक कमी केलेला. पण या आकड्यामुळं आमच्याकडच्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळली. स्वातंत्र्य दिल्लीला आलं म्हणजे ते आपल्या दारात आलं असं होत नाही. ते वाटेत थांबत, नाक्यावर दुरडी उघडून दाखवत, हप्त्याहप्त्यानं येतं. काही हप्ते अजून यायचे आहेत. पण जे आले, ते हातात घेऊन बघावेत असे आहेत.

आजीच्या वाट्याला आलेला मोठा हप्ता म्हणजे मत. १९५२ च्या निवडणुकीत ती पहिल्यांदा मतदानाला गेली. तेव्हा मताला वयाची एकवीस वर्षं लागायची. तिची पुरी झाली होती, म्हणजे तिनं तसं सांगितलं आणि अधिकाऱ्यानं मानलं. तिथं कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाणा हवा. आजीनं तो तिथंच घेतला. रांगेतल्या बायका हसल्या, कारकून लाजला, आणि लोकशाहीचं काम पुढं सरकलं. मात्र तिनं मत कुणाला दिलं, हे तिनं आजोबांना सांगितलं नाही. तेव्हाच नाही, कधीच नाही. घरातला दाण्याचा डबा, कपाटाची किल्ली, माहेरचं पत्र, सगळं ज्याच्या नजरेखालून जायचं, त्या माणसापासून लपवून ठेवता येईल अशी एकच वस्तू सरकारनं तिला दिली होती. ती तिनं शेवटपर्यंत सांभाळली. दर निवडणुकीनंतर आजोबा आडून आडून विचारायचे, "गर्दी व्हती का?" आजी म्हणायची, "व्हती." संपलं.

१९६७ साली आमच्या जिल्ह्यानं एक गंमत केली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील बीडमधून लोकसभेला उभे राहिले आणि बीडनं त्यांना निवडून दिलं. ना गाव इथलं, ना भावकी इथली. इंग्रजाशी लढलेल्या माणसाला निजामाशी लढलेल्या जिल्ह्यानं आपलं म्हटलं. आज 'उमेदवार स्थानिक की उपरा' यावर तावातावानं बोलणारे ऐकले की मला ती निवडणूक आठवते. आजोबा छातीवर हात ठेवून सांगायचे, "मी नानाला दिलं." आजी तेव्हाही गप्प होती. पण चूल फुंकता फुंकता ती जशी हसली, त्यावरून आमचा अंदाज आहे की त्या वर्षी घरातली दोन्ही मतं एकाच चिन्हावर पडली असावीत. नक्की कुणालाच माहीत नाही. तेच तर खरं.

आता मी बीड शहरात राहतो. बार्शी नाक्यावर सकाळी चहाला जातो. नाका नावालाच उरलाय, दुरडी कुणी उघडत नाही. टपरीवर पाच माणसं जमली की सहा पक्ष तयार होतात, कारण एकाला दोन्हीकडचं पटत असतं. कपात चहा निम्मा असेपर्यंत नगरपालिका निकालात निघालेली असते, तळ गाठेपर्यंत दिल्ली. समोरच्या फ्लेक्सवर कुठल्या तरी दादांच्या वाढदिवसाला चाळीस जण मोबाइल कानाला लावून शुभेच्छा देत असतात, आणि खाली उभी असलेली माणसं त्या चाळिसांच्या कुंडल्या मोठ्या आवाजात मांडत असतात. गश्ती निशान त्रेपन्न लागू असतं तर आमच्या नाक्यावरचं एक गिऱ्हाईक बाहेर राहिलं नसतं. चहावाल्याला बंदिखान्यातच टपरी टाकावी लागली असती. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानं आम्हाला बोलण्याचं, शांतपणे जमण्याचं, देशात कुठंही जाण्या-राहण्याचं स्वातंत्र्य दिलंय. त्यातलं पहिलं आम्ही इतकं वापरतो, की कधीकधी ऐकण्याचंही एखादं कलम असतं तर बरं, असं वाटतं. पण ती तक्रारही मी मोठ्यानंच करतो.

जिल्हाधिकारी कचेरीपुढं राष्ट्रीय सणाला दरवर्षी एक देखावा असतो. आत झेंडावंदन, बँड, परेड. बाहेर फाटकाशी दोन-तीन मांडव, उपोषणाला बसलेली माणसं. कुणाचा पीकविमा, कुणाची मोजणी, कुणाच्या रस्त्याला शेजाऱ्यानं घातलेला बांध. पूर्वी मला याचा राग यायचा. आजच्या दिवशी तरी असं बसू नये, देशाचा मान आहे काही. एका वर्षी आत राष्ट्रगीत सुरू झालं आणि मी मांडवाकडं पाहिलं. दोन दिवसांचा उपाशी म्हातारा काठीला रेटा देऊन उठला होता. ताठ उभा होता. त्याचं भांडण कचेरीशी होतं, झेंड्याशी नव्हतं. आतले साहेब उभे, बाहेरचा म्हातारा उभा, मधल्या फाटकावरचा पोलीस उभा. कुणीच कुणाला ऊठ म्हटलं नव्हतं. राष्ट्रगीत संपलं तसा तो परत बसला आणि साहेबांच्या नावानं घोषणा द्यायला लागला. मला आजीची व्याख्या आठवली. उणीव होती ती बुंदीची, आणि ती त्याला उपोषणामुळं चालली नसती.

न आलेल्या हप्त्यांतला मोठा हप्ता दसऱ्यानंतर रस्त्यावर दिसतो. मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ट्रॅक्टरवर, ट्रकवर संसार चढवून ऊस तोडायला निघतात. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. दरवर्षी लाखो माणसं जातात, त्यात आमच्या जिल्ह्याची किती तरी. कलम एकोणीस त्यांच्याइतकं कुणी वापरत नसेल. त्यांना कुठलाही नाका अडवत नाही. पण एकदा टोळीतल्या एका बाईला मी सहज म्हटलं, "नवीन मुलूख बघायला मिळत असंल." ती पाचट झटकावं तसं माझं वाक्य झटकून म्हणाली, "भाऊ, जायला कोण अडवतंय? आम्हाला घरी ऱ्हायचंय." जाण्याचा हक्क मिळून पाऊणशे वर्षं झाली. न जाण्याचा अजून नाक्यावर अडकलाय.

आमच्याकडं सगळंच उशिरा येतं, तशी रेल्वेही आली. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. परळीला निजामाच्या काळापासून गाडी होती, पण जिल्ह्याचं गाव रुळाविना. एक पिढी 'येणार' ऐकत लहानाची मोठी झाली, तिची लग्नं झाली, वरातीही एसटीनंच गेल्या. २०२२ साली गाडी आष्टीपर्यंत आली. अखेर बीड स्टेशनातून पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. दिवस मुद्दाम तोच निवडला होता. तीस वर्षांनी आलेली गाडी ३९९ दिवसांनी आलेल्या स्वातंत्र्याच्या वाढदिवसाला आली. उशिरानं उशिराला दिलेली ती भेट होती.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी त्या गाडीनं नगरला निघालो. आजीच्या माहेरचे लोक अजून आहेत, येणं-जाणं आहे. समोरच्या बाकावर साठीची एक बाई मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसली होती. माहेरीच चालली होती. गाडी सुटल्यापासून ती गाडीला नावं ठेवत होती. "हिच्यापरीस बैलगाडी बरी. तीस साल लावले आन् आणली काय, तर ही." शेजारचा एक पोरगा सरकारची बाजू घेऊन बोलायला लागला. तिनं त्यालाही सोडलं नाही. मग सरकार, रेल्वेमंत्री, आमदार, खासदार, सगळ्यांची तिनं मोठ्या आवाजात भरड केली. सगळा डबा ऐकत होता. कुणी दचकून मागं पाहिलं नाही. मला एकाएकी फार अभिमान वाटला. कशाचा, ते त्या बाईला सांगितलं असतं तर तिनं मलाही भरडलं असतं.

आष्टी गेली, कडा गेलं. मी खिडकीतून हद्द शोधत होतो. कुठं तरी इथंच मोगलाई संपायची आणि दुसरा मुलूख लागायचा. दोन्हीकडं तीच बाजरी, तीच तूर, तेच लिंबाचं झाड. हद्द कधी मागं पडली ते कळलंच नाही.

तिकीट तपासनीस आला. त्यानं तिचं तिकीट पाहिलं, परत दिलं आणि पुढं गेला. डब्याकडं त्याचं लक्षही गेलं नाही. तो गेल्यावर बाईनं झाकण उघडलं. आत अनारसे होते, वर खसखस लावलेले. मी नकळत मोजायला लागलो होतो, तेवढ्यात तिनं त्यातला एक उचलला आणि माझ्यापुढं धरला.

"घ्या की. बघताय कवाधरनं."

नगर येईपर्यंत डब्यातून तेवढा एकच कमी झाला.